शेवटची चौदा पानं

टेबल डुगडुगत होतं, म्हणून अवधूतनं त्याच्या पायाखाली पुस्तक सरकवलं.

मी आमटीची बादली घेऊन समोरच उभी होते. "काढ ते," मी म्हणलं.

"का गं? आमटी सांडतीया ताटातली."

"मग दुसरीकडं बस. आपला पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडतोस, आन टेबलाचा पाय चालतो व्हय?"

पोरं हसली. अवधूत सपकाळ बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, मराठी घेऊन. आईच्या मेसमध्ये एकवीस पोरं जेवायची, त्यात सगळ्यात मोठा आवाज ह्याचा.

"ऐशे, कादंबरी हाय ती. औंदा अभ्यासाला लागलीया. नवीन सिलॅबस, गाईड अजून आलं न्हाई. यूट्यूबवर पण कोण काय बोललेलं न्हाई. मग हिचा उपयोग काय, सांग?"

"वाचायची."

"एकशे ब्याऐंशी पानं?" त्यानं सगळ्यांकडं असं बघितलं, जसं काय मी विहीर खणायला सांगितली होती. "तूच वाच. आन आम्हाला सांग. तुला दुसरं काय काम हाय?"

मी वाकले आणि पुस्तक ओढून काढलं. आमटी त्याच्या पँटवर गेली. त्याचं मला काय वाटलं नाही.

ह्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हा मी सोळाची होते. नववीत गणिताच्या सरांनी मला फळ्यापुढं उभं करून म्हणलं होतं, "तुला काय, आईसारख्या भाकऱ्याच थापायच्यात." मी डस्टर फेकलं. त्यांना लागलं नाही, खिडकीला लागलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दाखला मीच मागितला. आई आठ दिवस बोलली नाही. मग बोलली ते एवढंच, "पीठ मळ."

थोरला भाऊ प्रमोद पुण्याला इंजिनिअरिंगला होता. घरी त्याच्या खोलीत त्याची कॉट होती, त्यावर पिठाची पोती. दोन दिवाळ्या तो आला नव्हता. फोन केला की म्हणायचा, "सबमिशन आहे गं."

दुपारी पोरं जेवून गेली की मी एक डबा घेऊन कॉलेजात जायचे, मागच्या गेटानं, स्टाफरूमला. डबा लोहार मॅडमचा. त्या त्याच पोरांना मराठी शिकवायच्या, पण तासावर. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरत्या. मार्चला सगळं संपायचं आणि जूनमध्ये नवीन यादी लागायची. यादीत कुणाचं नाव घालायचं ते मराठीचे मुख्य, घार्गे सर, कागदावर लिहून प्राचार्यांना द्यायचे.

"आन नाही घातलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

मॅडम भाकरी मोडत म्हणाल्या, "तर गावाकडं जायचं. आईचं म्हणणं आहेच, बास झालं आता, लग्न कर. ह्या वर्षी नाव नाही लागलं तर मला तिला सांगायला काही उरत नाही, ऐश्वर्या."

मला पूर्ण नावानं हाक मारणारं गावात ते एकच माणूस होतं.

*

पुस्तक नावाडणीचं होतं. नदीकाठचं गाव, नवरा वारलेला, बाईच नाव चालवते. एकुलता एक पोरगा. त्याला ती शिकायला शहरात धाडते. मग नदीवर पूल व्हायला लागतो. पोराची पत्रं कमी कमी होत जातात आणि पुलाचे खांब वर वर येत जातात. एवढीच गोष्ट. पण मी पहिल्या दिवशी चाळीस पानं वाचली आणि चुलीवरची भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी अवधूतनं चेष्टेनं विचारलं, "काय मास्तरीणबाई, कुठवर आलं?"

मी सांगायला लागले. भाकरी वाढता वाढता, कुठं थांबत, कुठं बादली खाली ठेवत. नावाडीण पुरात उतारू घेऊन निघते, त्यात एक बाळंतीण असते, तिथवर आले आणि म्हणलं, "बास. उद्या."

"ए, उद्या काय उद्या!" हणमंत दुधाळ ओरडला. हा आटपाडीकडचा, कधी तोंड उघडायचा नाही. "बाळंतीण जगली का मेली?"

"भाकरी संपली का? मग ऊठ."

"अजून एक वाढ."

तेव्हापासून पोरं गोष्टीसाठी एकेक भाकरी जास्त खायला लागली. आई म्हणाली, "ऐशे, तुझी नावाडीण माझं पीठ खाती गं." पण ती पण चुलीपासनं कान देऊन ऐकायची, ते मला दिसायचं. चार दिवसांनी मेसची नसलेली पोरं पण दारात उभी राहायला लागली. रियाज मुलाणी तर घरी जेवून यायचा आणि पायरीवर बसायचा. अवधूत वहीत मुद्दे लिहून घ्यायचा, बाकीचे मोबाईलवर त्याचे फोटो काढायचे. त्या वर्गात सव्वीस पोरं होती. सव्वीसपैकी एकानंही पुस्तक उघडलं नाही. उघडायची गरजच मी ठेवली नाही.

मॅडमना ह्यातलं काही माहीत नव्हतं. उलट एक दिवस खुश होत्या. "ऐश्वर्या, ह्या वर्षी मुलं बोलायला लागलीत गं वर्गात. एकानं मला बाळंतिणीबद्दल विचारलं!"

मी डबा ठेवला आणि निघाले. सांगावंसं वाटलं, पण त्यांचं तोंड बघून नाही सांगितलं.

चाचणी सोमवारी होती. रविवारी दुपारी मेस गच्च भरली. गोष्ट पुलाच्या उद्घाटनावर आली होती. नावाडीण काठावर उभी आहे. कुणीतरी तिला सांगितलंय, पुलावरनं पहिली एसटी येणार, त्यात तुझा पोरगा आहे. लांबनं धूळ दिसते.

तिथं मी थांबले.

"मग?" हणमंत म्हणाला.

"थांब की."

"थांब काय? उद्या पेपर हाय," अवधूत म्हणाला. "शेवट सांग. का नववीवाल्यांना शेवट कळत न्हाई?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या कानशिलात ठणकलं. हातात पळी होती, ती मी मारणारच होते, पण आई बघत होती.

"ऐका," मी म्हणलं. "एसटी पुलावर आली. खिडकीत पोरगा बसलेला. तिनं हात केला. त्यानं बघितलं, आन मान फिरवली. एसटी थांबली न्हाई. धूळ खाली बसली. मग नावाडीण घरात गेली, कुऱ्हाड आणली, आन नाव फोडली. त्याच लाकडावर भाकऱ्या केल्या. संपलं."

हणमंतनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. अवधूतनं वहीत लिहिलं, 'नाव फोडते – प्रतीक.'

*

गुरुवारी अवधूत मेसमध्ये आला तोच पेटून. "ऐशे, बाहेर ये."

"ताट घे आधी."

"ताट मरू दे. शेवट काय सांगितलास आम्हाला? सव्वीस जणांनी नाव फोडली! मॅडम म्हणत्यात, पुस्तकात नाव फोडतच न्हाई. त्या प्रश्नाला सगळ्यांना भोपळा!"

रियाज मागनं म्हणाला, "नावाडणीनं एकच नाव फोडली असती तर ठीक. आपण सव्वीस फोडल्या."

"गप रे." अवधूत माझ्याकडं बोट करून म्हणाला, "तू मुद्दाम केलंस. त्या दिवशी नववी काढली म्हणून."

मी म्हणलं, "हां. केलं मुद्दाम. परत काढशील?"

शनिवारी दुपारी खरी गोष्ट कळली. पोरं जेवायला बसली होती. मी आत कांदा चिरत होते. बाहेर अवधूतचा आवाज एरवीपेक्षा बारीक होता, म्हणून मी कान दिला.

"घार्गे सरांनी बोलवून घेतलं. म्हणाले, सव्वीस जण एकच चूक आपापली करत न्हाईत. कुणी सांगितलं? मी काय करू? वही दाखवली. म्हणलं, मॅडमनीच वर्गात सांगितलेलं."

"आन मॅडम?" हणमंतनं विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, मी असं सांगितलंच न्हाई. सर म्हणाले, म्हणजे सव्वीस पोरं खोटी? तुम्ही स्वतः पुस्तक वाचलंय का, मॅडम? न वाचता शिकवणारं माणूस मी पुढच्या वर्षी यादीत कसं घालू?"

"अव्या, हे लय वंगाळ केलंस."

"मग तू सांगायचंस! सांगायचंस, मेसवाल्या पोरीकडनं कादंबरी ऐकली म्हणून. अख्खं कॉलेज हसलं असतं."

मी सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आले. अवधूतच्या समोरचं ताट धरलं.

"ऊठ."

"ऐशे..."

"ऊठ म्हणते न्हवं! आत्ता चल कॉलेजात. खरं सांग, मग जेव."

आई चुलीपासनं आली. माझ्या हातातलं ताट काढून तिनं परत त्याच्यापुढं ठेवलं. सुरी पण काढून घेतली. "कितीबी वाईट असू दे. भरल्या ताटावरनं माणूस उठवायचं न्हाई. ह्या घरात झालं न्हाई ते."

"आई, त्यानं मॅडमचं नाव..."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई." मग ती अवधूतला म्हणाली, "जेव बाबा. सावकाश जेव. गिळतंय का बघ."

मला म्हणाली, "आन तू कशाला त्याची वाट बघतीस? गोष्ट त्यानं सांगितली का तू?"

हात कांद्याचे होते, तशीच निघाले.

*

स्टाफरूममध्ये घार्गे सर खुर्चीत, लोहार मॅडम उभ्या. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि सरांपुढं एक अर्धा लिहिलेला कागद. वर 'मा. प्राचार्य' एवढं मला दारातनं वाचता आलं.

"डबा बाहेर ठेव," सर म्हणाले.

"डबा न्हाई आणला. सर, शेवट मी सांगितला पोरांना. मॅडमनी न्हाई."

सरांनी चष्म्यावरनं बघितलं. "तू कोण?"

"मेसची. ऐश्वर्या." मग मी सगळं सांगितलं. भाकऱ्या, बादली, अवधूतची वही. मॅडम मधेच खाली बसल्या. "बाळंतीण..." त्या हळूच म्हणाल्या. त्यांना काय कळलं ते मला कळलं, आणि मी तिकडं बघायचं टाळलं.

"शिक्षण किती तुझं?"

"नववी. अर्धी."

सर हसले, पण वाईट नाही हसले. "बाळ, मॅडमचा जीव आहे तुझ्यावर, तुझा त्यांच्यावर. मला समजतं. पण सव्वीस बी.ए.ची मुलं नववीतल्या मुलीकडून कादंबरी शिकली, हे मी प्राचार्यांना सांगू?"

"पहिल्या पानापासनं सांगते. विचारा कुठलंबी."

तेवढ्यात दारात अवधूत आला. मागं हणमंत आणि रियाज. अवधूतच्या हाताला अजून भाजी होती, धुवायचं राहिलं होतं.

"सर, खरं हाय," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. हिनंच सांगितली गोष्ट. पण शेवट हिनं मुद्दाम चुकीचा सांगितला, आमच्यावर राग होता म्हणून."

सर माझ्याकडं वळले. "मुद्दाम?"

"हां."

"म्हणजे बरोबर शेवट तुला माहीत आहे." ते खुर्चीत मागं टेकले. "सांग. बरोबर शेवट सांगितलास, की हा कागद मी फाडतो."

मी तोंड उघडलं.

आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. भिंतीवर घड्याळ होतं, एक वाजून दहा मिनिटं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मेसमध्ये बघायचे तसे. पाहिजे तर अजून एक शेवट रचला असता मी. मला येत होतं ते. पण मॅडमनी पुस्तक वाचलं होतं.

"न्हाई माहीत," मी म्हणलं.

"काय?"

"शेवटची चौदा पानं मी वाचली न्हाईत. मुद्दाम बिद्दाम काय न्हाई. मी ते नुसतं म्हणलं. नववीवालीला वाचून झालं न्हाई म्हणण्यापेक्षा ते बरं वाटलं."

अवधूत माझ्याकडं वळला.

"का नाही वाचलीस?" मॅडमनी विचारलं.

"वाचवेना." माझा आवाज फाटला, त्याचाच मला राग आला. "एकशे अडुसष्टाव्या पानावर एसटी लांबनं येती. पुढं काय होणार ते कळतंयच की. शिकायला गेलेलं पोरगं थांबत असतंय व्हय? आमचा दादा... जाऊ दे. मला ते छापलेलं बघायचं नव्हतं. म्हणून मीच फोडली नाव. कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी."

हणमंत म्हणाला, "सर, असलं खोटं कोण कशाला बोलंल?"

सरांनी टोपण काढलेलं पेन खाली ठेवलं. अवधूतकडं बघितलं. "तू किती पानं वाचलीस रे?"

"एकपण न्हाई, सर."

"तू?"

"मी घरी जेवून ऐकायला जायचो, सर," रियाज म्हणाला.

मॅडम उठल्या. कपाटातनं त्यांची प्रत काढली. कडा मळलेल्या, आत पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी एकशे अडुसष्टावं पान उघडून माझ्यापुढं धरलं.

"बस. वाच."

"आत्ता?"

"आत्ता. मोठ्यानं. ह्या तिघांना पण ऐकू दे."

"मॅडम, मला न्हाई..."

"ऐश्वर्या. वाच."

मी बसले. हाताला कांद्याचा वास होता, म्हणून पान टोकाला धरलं. पहिल्या ओळीत तीनदा अडखळले. सांगायला येतं म्हणजे वाचायला येतं असं नाही. पण मग धूळ आली, एसटी आली, आणि मी सांगितलं होतं तसंच झालं. पोरगा खिडकीत. तिनं हात केला. एसटी थांबली नाही. अवधूत माझ्याकडं बघत होता, म्हणजे खरंच सांगितलं होतं हिनं, असं.

अजून अकरा पानं राहिली होती.

नावाडीण घरात जाते. कुऱ्हाडीकडं बघत पण नाही. भांडी घासते. शेळीला पाणी पाजते. दोन पानं नुसती तिची कामं. मी कंटाळून वर बघितलं, तर सर पुढं झुकलेले.

"आणि मुलगा?" सर म्हणाले.

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. मॅडमनी खाली बघितलं. टेबलावर सरांची स्वतःची प्रत पडली होती, कोरी, पुठ्ठा अजून वाकलेला पण नव्हता.

सरांचे कान लाल झाले. "वाच, वाच," ते म्हणाले.

पूल नवीन होता, त्यावर थांबा नव्हता. एसटी पुढच्या गावाला, तीन कोसावर थांबते. पोरगा तिथं उतरतो आणि उलटा चालत निघतो. चालत पूल ओलांडतो. पलीकडच्या काठाला जातो, जिथनं नाव सुटायची तिथं. दिवस कलताना तिला पैलतीरावरनं हाक ऐकू येते. उतारू मारतात तसली हाक. ती बाहेर येऊन ओरडते, अरे, पूल झालाय, चालत ये की. आणि तो ओरडतो, मी नावेनं येणार.

हणमंत दुधाळनं दाराकडं तोंड केलं आणि नाक पुसलं. रियाजला चेष्टा सुचली नाही.

ती नाव सोडते. मधल्या धारेत ती दोघं काय बोलतात ते पुस्तकात नव्हतं. नुसतं पाणी होतं आणि वल्ह्याचा आवाज. मग पान संपलं. मी उलटून बघितलं, मागं कोरं.

"संपलं?" अवधूत म्हणाला.

"संपलं."

त्यानंतर स्टाफरूममध्ये बरंच काही झालं म्हणतात. सरांनी तो कागद फाडला, नवीन घेतला. चाचणी परत होईल आणि ह्या वेळी पुस्तक समोर ठेवून, असं म्हणाले. अवधूतनं मॅडमच्या पाया पडायला बघितलं, तर त्यांनी त्याला हात धुऊन ये म्हणून सांगितलं. मग सरांनी विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी आठवड्याला किती तास लिहू?" आणि मॅडम म्हणाल्या, "नऊ, सर." आणि सरांनी लिहिलं.

हे सगळं मला हणमंतनं नंतर सांगितलं. मी तिथंच होते, पण मला ऐकू आलं नाही. मी शेवटचं पान दुसऱ्यांदा वाचत होते, मनातल्या मनात, एक शब्दही न अडखळता.